वीत आणि दोन बोटं

पाथर्डी फाट्याच्या शोरूममध्ये
दोन पिकअप शेजारी उभ्या.
एक पांढरी, बुटकी, रुंद टायरची,
आग्रा रोडसाठीच जन्मलेली.
दुसरी काळी, उंच,
पोटाखाली लोखंडी पत्रा,
चारही चाकांना ओढ.

ऋत्विज नावाचा पोरगा विचारतो,
"सर, वापर नेमका कुठला?"

काय सांगू.
थंडीत माझ्या पेट्या सटाण्याच्या डाळिंबात,
मग कळवणला, कांद्याच्या डोंगळ्यांत.
सगळं डांबर.
जांभूळ फुलला की हरसूलच्या पुढे,
जिथे रस्ता म्हणजे
कोरडा ओहोळ आणि सोमाची आठवण.
माशांना मॉडेल कळत नाही,
रात्रीचे हादरे कळतात.
चौकटीतलं पोळं तुटलं
की सकाळी तळाशी राणी, चेपलेली.

सोमा गावित ब्रोशर घेत नाही.
चकचकीत फरशीवर आडवा होतो,
हात आत घालून मोजतो.
काळी: "वीत आणि दोन बोटं. जाईल."
पांढरी: वीतही भरत नाही.
मग उठून पाठ झटकतो,
"पण काळ्यावर माशी धावून येते, दादा."

ऋत्विज हसतो. मग हसत नाही.
हीच पांढऱ्यात मिळेल,
तीन महिने थांबावं लागेल.

सोमा पेरांवर मोजतो,
माघ, फागुन, चैत.
तोवर मोहोर मातीत.

"काळीच घ्या," तो म्हणतो,
मोठ्याने, गावाकडच्या आवाजात,
"चुना मी लावतो."

काउंटरवरची तीन माणसं
एकदम वळून पाहतात.