दलघमी

सकाळी सात चाळीसला फोन येतो.
"म्याडम, लिहा. दोनशे एकोणसत्तर…"
इथं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात जातो,
तेवढा वेळ दशांशचिन्हाचा.
"…चार शून्य."
मागं टिटवी ओरडत असते, कुणाची तरी सायकल खडखडते.
मी तक्ता काढते, एकोणीसशे ब्याऐंशीचा,
कडा उंदरांनी खाल्लेल्या,
पातळीसमोर बोट सरकवते
आणि चिचटोला तलावाचं होतं
एक दशांश शून्य सात दलघमी.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मला वाटायचं
हे एखाद्या गावाचं नाव असावं,
साकोलीच्या पुढं, जंगलात,
दिवसातून एकच एसटी जाणारं.
दशलक्ष घनमीटर, हे नंतर कळलं.
तरी अजून ते लिहिताना
मला एसटीतून कुणी उतरताना दिसतं.

कवडू मारबते. अठरा वर्षं रोजंदारीवर.
एकदा आकडा देऊन झाल्यावर त्यानं विचारलं,
"म्याडम, एका दलघमीत गुंड किती बसते?"
मी हसले. मग कॅल्क्युलेटर ओढला.
गुंड दहा लिटरचा धरला तर दहा कोटी.
तिकडं बराच वेळ नुसती टिटवी.
"माही माय डोक्शावर एक, कमरेवर एक,
दिवसाच्या दहा खेपा करे.
तिले किती दिवस लागतीन?"
पन्नास लाख दिवस, कवडूभाऊ.
"म्हंजे सरली नसती."
कोण नसती सरली, मी म्हटलं.
फोन ठेवलेला होता.

मे महिन्यात तपासणीची जीप निघाली, मीही बसले.
आवाजापेक्षा माणूस बुटका निघाला.
गमछा, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल.
विहिरीच्या भिंतीवरचे आकडे त्यानंच रंगवलेले,
त्यातला आठ पोटाला फुगलेला, अंडी धरलेल्या मासोळीसारखा.
साहेब मोहाच्या सावलीत डबा उघडून बसले.
मला त्यानं डोंग्यात घेतलं.

मध्यावर बांबू सोडला.
"हे पानी," तो म्हणाला, बांबूवर ओल्या बोटाची खूण करत.
मग छातीचा भार टाकला.
बांबू खाली गेला. अजून गेला.
वर आला तेव्हा अडीच हात काळा,
कुजक्या पानांचा वास.
"आन् हा गाळ. तुमच्या कागदात हाबी पानीच हाय नं?"

आहे.
तक्ता बनवला तेव्हा तळ कोरा होता.
चाळीस वर्षांचा सागाचा पाला,
बांधबंधाऱ्यांची वाहून आलेली माती,
एखादी चप्पल, विसर्जनातले लाकडी पाट,
सगळं मी रोज सकाळी
दोन दशांश स्थळांपर्यंत पाणी म्हणून पाठवते.

लाल रेघेखाली काय लिहिलंय, त्यानं विचारलं.
मृतसाठा, मी वाचलं.
"मेलेलं पानी?"
तो पहिल्यांदाच मोठ्यानं हसला, डोंगा हलला.
"मरळ तिथंच रायते, म्याडम. उन्हाळाभर.
मेलेल्यात कोनी अंडी घालते का?"

दुसऱ्या दिवशी सात चाळीस.
आकडा, खर्रा, आकडा.
गाळाला रकाना नाही.
शेऱ्याच्या जागी मी पेन्सिलीनं लिहिलं,
बांबू, अडीच हात.

आठवड्यानं मंडळ कार्यालयातून पत्र आलं:
हात हे एकक मान्य नाही.
तसेच सदर हात कोणाचा, याचा बोध होत नाही.
तरी खुलासा उलट टपाली सादर करावा.

मी कागद ओढला. 'कवडू' लिहिलं, खोडलं.
बाहेर ड्रम घेऊन टँकरच्या रांगेत
बायका उभ्या होत्या, मी मोजायला लागले
आणि मधेच फोन वाजला.