बादली

स्टूल नव्हतं, बादली होती.
आणि रेफरीला लागली नाही.
दोराला आपटून खाली आली,
उरलंसुरलं पाणी पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या बुटांत.
मी रिंगमध्ये होते, मला विचारा.
पण जेल रोडच्या चहावाल्याकडे ते स्टूलच आहे,
लोखंडी,
आणि रेफरीला सात टाके.
दर वर्षी एखादा वाढतो.

भालेराव सर. मोझेस यशवंत भालेराव.
देवळालीच्या तोफखान्यातून हवालदार होऊन बाहेर पडले
तेव्हा उजवा कान तोफेनं ठेवून घेतला होता.
सरांना वाटायचं, जगच हळू बोलतंय,
आणि त्याची भरपाई ते एकटे करायचे.
पहाटे साडेपाचला, प्रेसच्या भोंग्याच्याही आधी:
"हनुवटी खाली! फोटोला उभी आहेस का?"
दुधाच्या रांगेतल्या बायका
नकळत मान खाली घालायच्या.

म्हणतात, नगरसेवकाच्या पोराला
नगरसेवकासमोर बेडूकउड्या मारायला लावल्या.
खरंय.
शेडवरचे पत्रे येणार होते, ते मग आले नाहीत.
चार उन्हाळे आम्ही उघड्यावर तापलो
आणि त्याबद्दलही शिव्या आम्हीच खाल्ल्या.

म्हणतात, ते कधी हसले नाहीत.
खोटं. एकदा हसले.
कंपाउंडवरच्या मांजरीनं कुत्र्याच्या नाकावर
डावे-डावे दोन ठेवून तिसरा उजवा दिला तेव्हा.
"बघा," म्हणाले, "हिला कुणी शिकवलं?"
मग लगेच आमच्याकडे वळून, त्याच तोंडानं:
"आणि तुम्हाला शिकवून काय झालं?"

गांगुर्डेचं मात्र कुणी सांगत नाही.
वजनात चारशे ग्रॅम जास्त भरला,
सर सगळ्यांसमोर म्हणाले, बापाचं पोट घेऊन आलास.
बापाचं पोट तेव्हा पाण्यानं फुगलेलं होतं,
बिटको हॉस्पिटलात, खिडकीजवळच्या खाटेवर.
सरांना माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं.
त्यानं ग्लोव्हज काढले, नीट जोडीनं ठेवले, गेला.
दुसऱ्या दिवशी सरांनी तेच ग्लोव्हज मला दिले.
चारच जोड्या होत्या.
आत त्याचा घाम अजून ओला होता.
गांगुर्डे आता सातपूरला लेथवर आहे,
सर दिसले की रस्ता ओलांडतो.
मी ते विसरलेले नाही.

तर बादली.
अकोला, दुसरी फेरी. मी दोन गुणांनी पुढे.
एक उजवा कानशिलावर बसला
आणि हॉलचा आवाज कुणीतरी बंद केल्यासारखा गेला.
मी उभी होते. पाय माझे होते. मी मारतही होते,
कुठे, ते ठाऊक नाही.
आधी टॉवेल आला.
रेफरीची पाठ होती. टॉवेल कोपऱ्यात पडून राहिला,
कुणाच्या तरी अंघोळीचा वाटावा तसा.
मग बादली आली.

सामना थांबला. मी हरले.
सरांना वर्षभराची बंदी झाली.
नाशिकपर्यंतच्या गाडीत मी त्यांना
त्यांच्याचकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या दिल्या.
त्यांनी तो उजवा कान माझ्याकडे करून ठेवला होता.
मनमाडला उतरून वडापाव आणले, दोन,
दोन्ही मलाच दिले.
वाचवली की हरवली?
अठरा वर्षं झाली, माझं एकमत होत नाही.

आता पॅड मी धरते.
सर बसतात त्याच बादलीवर, उलटी करून.
पोरींच्या हाताला पट्ट्या बांधताना
त्यांची बोटं थरथरतात,
तेव्हा आपल्याच बोटांवर खेकसतात,
पलटणीच्या हिंदीत: "सीधा खडा रह!"
बोटं ऐकत नाहीत.
आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी.

काल त्या नव्या ओझरच्या पोरीनं धाडस केलं.
"सर, खरंच रेफरीला स्टूल मारलं होतं?"
मी तोंड उघडणार, तोच
बादलीचा पोचा अंगठ्यानं चाचपत
सर म्हणाले,
"दोन मारली होती.
हनुवटी खाली."