दोन दिवसांची पिशवी

उद्या सहाची गाडी, सिंदेवाहीहून नागपूर.
आशाताईंचं दोन दिवसांचं ट्रेनिंग.
पत्रात शेवटी लिहिलंय : ‘आवश्यक ते कपडे सोबत आणावेत.’
आवश्यक ते!
हे लिहिणारी बाई नसावी.

बाहेर फाल्गुन आहे
आणि त्याला स्वतःलाच ठाऊक नाही तो कोण आहे.
पहाटे चुलीपुढून उठवत नाही,
दुपारी टिनाखाली बसवत नाही,
परवा तिन्हीसांजेला गारा पडल्या, बोराएवढ्या.
पोट्ट्यांनी गंज भरून घरी आणला,
आईला दाखवेपर्यंत
आत नुसतं पाणी.

प्रांजली मोबाईल पाहून सांगते,
छत्तीस डिग्री, आणि एक ढगाचं चित्र,
ढगाखाली थेंब मात्र एकच.
एका थेंबासाठी छत्री न्यायची?
लटारू मामा मोबाईल पाहत नाहीत,
अंगणातल्या मुंग्या पाहतात.
मुंग्या अंडी उचलून भिंतीवर चढत होत्या.
“नेजो छत्री,” म्हणाले. मग जरा थांबून,
“पण ह्या आपल्या गावच्या मुंग्या.
नागपूरचं त्यायले काय मालूम.”

पंचफुला वहिनी स्वेटर घेऊन आली,
नवऱ्याचं, पोलीस भरतीच्या वेळचं.
तो भरती झाला नाही,
स्वेटर अजून छाती काढून आहे.
डांबरगोळ्यांच्या वासाने खोलीभर पहारा.
“हॉलमधी एसी असते बाई.
मागच्या साली माहे दात वाजत होते
अन् मॅडम समोर सांगत होती,
उष्माघात झाला तं काय करावं.”

स्वेटर ठेवलं. पिशवी भरली.
दुपट्टा ठेवला, पिशवी फुगली.
छत्री आडवी जाईना, उभी राहीना,
काढून दाराशी टेकवली,
तर कौलावर काहीतरी टपटपलं.
पुन्हा आत. पाऊस नव्हता, चिंच होती.
वलणीवरची ड्युटीची साडी
खालून वाळलेली, वरून ओली,
तीही फाल्गुनासारखीच.

मग लाइट गेली.
म्हटलं, राहिलेलं हातानेच भरू.
हात भराभर चालले,
डोळ्यांपेक्षा हुशार,
पेटीतून काढत, घडी घालत, दाबत,
आणि मी खुशाल उद्याचा विचार करत बसले.

चारला उठून टॉर्चने पाहिलं :
जुन्या लुगड्याचे चार धडपे, धुऊन धुऊन मऊ झालेले,
एक टोपडं,
नाळेसाठी जपून ठेवलेली ती पुडी,
आणि कार्डांसाठी प्लास्टिकची पिशवी.
माझी दुसरी साडी पलंगावरच.

अकरा वर्षांत या हातांनी
एकच पिशवी भरलीय,
कोणाच्या तरी नवव्या महिन्याची,
रात्री दीडला, गाडी दारात उभी असताना.
तिला कोणी हवामान विचारत नाही.
आत नऊ महिने एकच हवा,
आणि बाहेर आल्यावर पहिली हवा लागते ती
कोणाच्या तरी विटलेल्या लुगड्यातून गाळून.

हसले एकटीच.
सगळं काढलं, माझं भरलं,
एक धडपा तेवढा राहू दिला :
उन्हात डोक्याला, एसीत गळ्याला,
थेंब पडलाच तर केस पुसायला.
चेन अर्ध्यात अडकली, ती तशीच.

बाकीचं बेबीनंदाच्या दारात ठेवून आले.
तिची तारीख पुढच्या हप्त्याची,
पण पोटातलं कधी तारीख पाहून येतं?
ती झोपेतच म्हणाली, “तुमी नाई तं कोण?”
म्हटलं, पंचफुला आहे, फोन आहे,
अन् परवा रात्री मी आहेच.

गाडी वळणाला लागली.
धानाच्या रिकाम्या बांध्यांवर धुकं,
मागे कुठे तरी विजेची एक रेघ.
मांडीवरची पिशवी चाचपली.
छत्री बेबीनंदाच्या दाराशी टेकलेली.