उरलेली चार बोटं

माझ्या कादंबरीतल्या देशात
जादू बोलून होत नाही, लिहूनच होते.
एवढं पक्कं व्हायला दोन वर्षं गेली,
गोंदरला, विद्यापीठाच्या फाटकासमोर,
माझ्या झेरॉक्सच्या दुकानात,
बिघडलेल्या प्रतींच्या पाठकोऱ्या बाजूवर.

पहिला नियम: शाई ओली असेतोवरच अक्षर चालतं.
वाळलं की ते नुसतं वाचायचं.
म्हणून माझे जादूगार उन्हाला भितात,
काजळीत मध कालवतात,
आणि कुणी लिहीत असताना फुंकर मारणाऱ्याला
त्या देशात खुनी म्हणतात.

दुसरा नियम आमच्या लिपीनं आयता दिला.
आमच्यात 'ह' तीन. उच्चार एकच.
कुठला कुठे, ते शाळेत छड्या मारून शिकवतात,
आणि शाळा सुटली की जो तो
हाताला येईल तो 'ह' लिहितो.
माझ्या देशात असं खपत नाही.
एका 'ह'नं दार उघडतं,
दुसऱ्यानं दाराची भिंत होते,
तिसऱ्यानं काय होतं ते सांगायला
लिहिणारा कुणी परत आलेला नाही.
(हे मला आवडलंय. हे कापणार नाही.)

मग बिन्याम, माझ्याकडे कामाला, वय सतरा,
टोनर भरता भरता विचारतो,
"ताई, मंत्राची झेरॉक्स काढली तर?"
मी म्हटलं, चालणार नाही, यंत्राची शाई ओली नसते.
तो म्हणाला, "पण कागद गरम असतो."

तीन आठवडे मी त्या गरम कागदाशी भांडले.
एकाचा मंत्र शंभरांना मिळाला
तर राजाला कोण विचारतो,
आणि राजाच नसेल तर माझं सहावं प्रकरण कशावर उभं राहणार?

त्याच सुमारास एका सकाळी आबा वर्कनेह आले.
काखेत कातड्याची नळी, आत गुंडाळी:
बकरीच्या चामड्यावर लिहिलेली रक्षा,
बायकोची, लग्नाच्या वर्षी करून घेतलेली.
ज्याची रक्षा, त्याच्या उंचीएवढी तिची लांबी,
टाळूपासून टाचेपर्यंत,
म्हणजे अंगाचा कुठलाच भाग उघडा पडत नाही.
नाव तांबड्या शाईत: हिरुत.
शाई साठ वर्षांपूर्वी वाळलेली.
माझा पहिला नियम त्यांनी न विचारता मोडला.
आणि 'ह'?
'ह' चुकीचा होता.
मी बोलले नाही.

"प्रत काढ," म्हणाले, "कातडं तडकतंय."
सहा कागद लागले. बिन्यामनं चिकटपट्टीनं जोडले.
आबांनी ती पट्टी हातात धरली, वितीनं मोजली,
पुन्हा मोजली, मग म्हणाले,
"थोडी कमी कर. ती आता एवढी राहिली नाही.
पाठ वाकली. चार बोटं उतरली असेल."

मी कात्री उचलली, ठेवली.
खालच्या चार बोटांत एक देवदूत होता,
नुसते डोळे आणि पंख, आणि अर्धी ओळ.
"हे कापलं तर कुणाला राखेल?" मी विचारलं.
आबांनी माझ्याकडे पाहिलं,
जसं पोर चुलीशी खेळताना पाहतात तसं.
"आतापर्यंत कुणाला राखत होतं?
ती काय एका रात्रीत वाकली?"

पैसे देऊन गेले. पट्टी न कापताच नेली.

त्या रात्री वीज गेली. मेणबत्तीत मी
पहिला नियम खोडला, दुसरा तसाच ठेवला,
आणि एका मुलीला कादंबरीत आणलं
जिच्यासाठी कुणी कधी गुंडाळी केली नाही;
जी गावभर हिंडते
वाकलेल्या म्हाताऱ्यांच्या मागून,
त्यांच्या रक्षेच्या लोंबत्या टोकाखाली
पावलं मोजून चालते.

तिला नाव द्यायचं राहिलंय.
'ह'नं सुरू होईल बहुतेक.

जुन्या रीतीनं आमच्याकडे
शब्द संपला की दोन टिंबं देतात,
वाक्य संपलं की चार.
मी दोन दिली
आणि मेणबत्ती विझवली, फुंकर न मारता,
चिमटीनं.