एक्केचाळीस ग्रॅम

आधी मी सदरच्या एका दुकानात कुलर दुरुस्त करायचो.
वाळ्याची ताटी बदलणं, टुल्लू पंपातला कचरा काढणं,
आणि दर एप्रिलमध्ये घरोघरी तेच सांगणं :
बाई, समोरची खिडकी उघडा.
वाऱ्याला जायला वाट नसेल तर तो येईल काहून?
एवढ्याशा ज्ञानावर मला ही नोकरी लागली.

कॉलेजच्या मागं टिनाची शेड,
शेडमध्ये अठरा मीटर लांब पत्र्याचा बोगदा.
एका तोंडाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी,
दुसऱ्या टोकाला माझ्या दीडपट उंचीचा पंखा.
नवे लोक नेहमी चुकीच्या बाजूला जाऊन उभे राहतात.
हा पंखा वारा फेकत नाही,
ओढतो.

नवतप्याचा तिसरा दिवस. शेडमध्ये सेहेचाळीस.
कुलर बंद, त्याची झुळूकही आकडे नासवते म्हणून.
बोंद्रे मॅडम म्हणाल्या, तापली की हवा विरळ होते,
तेवढी वजावट धरावी लागेल.
मी मान हलवली.
विरळ हवा! सकाळी अमरावती रोडनं येताना
मी ती हातानं बाजूला सारत आलो होतो.

सोनल कुमरे, देवलापारची.
जबलपूर हायवेवर शिकली,
कोळशाच्या ट्रकमागं हातभर अंतर राखून,
जिथं वारा लागत नाही,
फक्त डिझेल लागतं आणि डोळ्यांसमोर ‘फिर मिलेंगे’.
आज तिच्यापुढं ट्रक नव्हता.
सायकल काट्यावर जखडलेली, ती सायकलवर,
आणि समोरून ताशी पन्नासचा वारा,
कोणाच्याही मागं न लपता.

धुराची नळी माझ्या हातात.
पांढरा धागा हेल्मेटवरून घसरला,
पाठीवरून असा गेला जशी आई लेकराच्या पाठीवरून
भलतीकडं बघत हात फिरवते.
डाव्या कोपराशी आला
आणि विसकटला.
उजवीकडं नाही.
डावीकडंच.

मॅडम माइकवर : कोपर आत घे.
घेतला. चार सेकंद राहिला. परत बाहेर.
आत घे, सोनल.
घेतलाय न, मॅडम.
घेतला नव्हता.

पंखा बंद केल्यावर थांबायला दीड मिनिट घेतो.
शेवटी शेवटी पाती मोजता येतात.
सहा मोजून झाली तेव्हा ती म्हणाली,
“तिथं कॅन राहे न, काका.
दुधाची. डाव्या हँडलले.
गुडघ्याले लागे, म्हून हात भायेर.”
सहावी ते बारावी, रोज पहाटे, अकरा किलोमीटर.

कॅन जाऊन सात वर्षं झाली. म्हैसही गेली.
नवी सायकल मी दोन बोटांवर उचलून पाहिली आहे.
कोपर मात्र अजून जागा धरून बसलेलं,
बसमध्ये रुमाल टाकावा तसं.

मला वाटलं, मला सुचलंय काहीतरी.
स्टोअरमधून ऑइलची रिकामी कॅन आणली,
हँडलला अडकवली, म्हटलं, थोडी चालव,
मग तुझ्या हातानं काढून ठेव.
तिनं काढून दाराशी ठेवली. हसली.
पंखा सुरू झाला,
कोपर बाहेर.

उपयोग झाला तो दोन सेंटिमीटर आत सरकवलेल्या पॅडचा
आणि एका पट्टीचा, जी तिला टोचत होती.
धागा अखंड गेला.
मॅडमनी आकडा दोनदा वाचला :
एक्केचाळीस ग्रॅम कमी.
पोह्यांवर ठेलेवाला तर्रीचा एक डाव टाकतो,
तेवढंच.
तेवढ्यासाठी म्हणे पोरी वर्षं घालवतात.

संध्याकाळी गेटपाशी उभा होतो.
मैत्रिणीच्या स्कुटीवर मागं बसून ती निघाली,
सायकलचा खोका उद्या जाणार.
फुटाळ्याकडून गरम वारा सुटला होता,
कोणीच मोजत नव्हतं,
आणि तिचं डावं कोपर
मजेत बाहेर.