अर्धं तिकीट

एकतीस वर्षं मी निमाणीपासून नाशिकरोडपर्यंत
थांबे ओरडत गेलो.
पंचवटी कारंजा. शालिमार. सारडा सर्कल.
मागच्या सीटवर घोरणाऱ्याच्याही
कानात त्याचं द्वारका नेऊन घातलं.

मग एका मंगळवारी, आंघोळीच्या बादलीपाशी,
तोंडाची डावी बाजू
घंटी न मारता उतरून गेली.

डोक्यात सगळं जागच्या जागी आहे.
सुट्टे, टप्पे, कोण कुठे चढायचं.
बाहेर येताना शब्द ओले होतात,
भिजल्या नोटांसारखे एकमेकांना चिकटतात.
मेडिकलवाला नाक पुढे करून वास घेतो:
सकाळी सकाळीच का, बाबा?
मेहुणा माझ्याशी मोठ्याने बोलतो.
अरे, कान शाबूत आहेत माझे.
मी पगार म्हणतो, हे माझं आडनाव,
तर प मधली हवा ओठाच्या कोपऱ्यातून निसटते,
विनातिकीट.

कॅनडा कॉर्नर, झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला.
बाकावर शेजारी पाचेक वर्षांची पोरगी.
नाव काय, मी विचारलं. माझ्या परीने विचारलं.
सवयीने तिची आई उत्तर द्यायला वाकली,
तोवर पोरगी म्हणून बसली होती:
तत्तुली.
कस्तुरी. मला लगेच कळलं.
तिलाही माझा प्रश्न पहिल्या फटक्यात कळला होता.
चार महिन्यांत असं कुणाचंच झालं नव्हतं.

बैरागी मॅडम तिला गुळण्या करायला लावतात.
मान मागे, घोटभर पाणी, घर्रर्र.
तिथे, त्या मागच्या खोलीत, क राहतो म्हणे.
चपट्या काडीने जिभेचं टोक खाली दाबून धरतात,
कारण ते आगाऊ,
कुणाच्याही अक्षरात पुढे पुढे करतं.

मला म्हणतात, पगारकाका, हळू.
घाई बसला होती, तुम्हाला नाही.
एका अक्षराला एक बोट टेकवा.
बोटं मला पटेनात.
पुढच्या गुरुवारी पेटीच्या तळातला पंच घेऊन गेलो.
नि, कट. मा, कट. णी, कट.
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, परत.

आता कस्तुरीला तिकीट पाहिजे.
मी अपॉइंटमेंटचं कार्ड पंचात धरलं.
कु. ठे. जा. य. चं?
ती उभीच. आईच्या ओठांवर शब्द तयार;
मॅडमनी आईच्या मनगटावर हात ठेवला.
पोरीने मान जराशी मागे टाकली,
जणू तोंडात पाणी आहे,
आणि खोकल्याच्या अगदी शेजारून ओढून काढला:
क्. क्. कालंजा.

र अजून वाटेत होता. असू दे.
अर्ध्या तिकिटात तेवढं चालतं.

पुढच्या गुरुवारी जिन्यातूनच हाक आली: ताता!
आईचा चेहरा पडला.
मॅडम म्हणाल्या, येतं, जातं, येतं, मग राहतं.

मेडिकलच्या पायरीवर मी तेच घोकतो,
खिशातला पंच दाबत.
र. क्त. दा. बा. च्या.
काउंटरवरचा मान वर करतो.
मागे रांग वाढतेय, कुणीतरी चुकचुकतंय.
चुकचुकू दे. बस उभी आहे.
गो. ळ्या.