चिठ्ठी क्रमांक दोनशे सात

फोर्टात, कोशाच्या कचेरीत, भर दुपारी
समितीपुढे एक फ्रेंच शब्द आला.
कोआबितास्यों.
मधला ह लिहायचा, पण उच्चारायचा नाही.
डिमेलो मॅडम म्हणाल्या,
असतो तो घरात, आवाज नसतो त्याचा.

अर्थ तसा सोपा.
राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा,
संसदेत बहुमत दुसऱ्याचं,
म्हणून पंतप्रधान दुसऱ्याचा.
दोन्ही कौल जनतेचेच,
फक्त वेगवेगळ्या वर्षी दिलेले,
वेगवेगळ्या मनःस्थितीत.

मंगरूळकर म्हणाले, सहवास लिहा.
कोठारेबाई हसल्या:
आमच्या सोसायटीचं नाव सहवास,
लिफ्टचा दावा अकरा वर्षं कोर्टात आहे.
युती? छे, युतीत आधी हार घालतात.
आघाडी? आघाडीला निदान एक जाहीरनामा असतो.
भाऊबंदकी म्हणावं, तर रक्त एक नाही.
चहाचे कप उचलता उचलता शिपाई घाणेकर म्हणाला,
पागडी लिहा की.
घर मालकाचं, खोली भाडेकरूची,
कुणालाच कुणी काढू शकत नाही,
आणि गळकं छप्पर कुणी दुरुस्त करायचं
यावर चाळीस वर्षं.
सगळे हसलो.
इतिवृत्तात कुणी घेतलं नाही.

चिठ्ठी माझ्याकडे आली. गुरुवारपर्यंत द्या.

विक्रोळीला, कन्नमवार नगरात,
आम्ही वेगळे होऊन सहा वर्षं झाली,
दीड खोलीत.
या शहरात वेगळं व्हायलाही
आधी डिपॉझिट लागतं.
लाइटबिल त्याच्या नावावर, गॅस माझ्या.
फ्रीजचा वरचा कप्पा त्याचा.
परराष्ट्र खातं त्याच्याकडे, म्हणजे
लग्नं, बारशी, मयती, सासवण्याचे चुलते.
तिथं आम्ही शेजारी शेजारी उभे राहतो,
फोटोत तर फारच शोभतो.
त्यांच्याकडेही परदेशातल्या परिषदेला
दोघंही गेले होते म्हणे,
यजमानांनी खुर्च्या कशा मांडल्या
ते संदर्भग्रंथात नाही.

दूध, पाणी, सोसायटीची मीटिंग माझी.
भिंतीतली ओल अजून वादात आहे.

दर बुधवारी त्यांचं मंत्रिमंडळ भरतं.
अध्यक्षस्थानी एक, कारभार दुसऱ्याचा,
टेबल तेच.
आमचाही बुधवार असतो.
बोंबील चांगले मिळाले तर मी जास्त आणते,
रव्यात घोळवून तळते,
तो बोलत नाही, जेवतो,
आणि ताटं धुऊन पालथी घालतो.
दोन्ही.
हे कुठल्या कलमाखाली, मला माहीत नाही.

पुढे त्यांनी घटनाच बदलली.
अध्यक्षाची सात वर्षं होती, ती पाच केली,
निवडणुका एकमेकींजवळ आणल्या,
म्हणजे लोकांचं मन
मधल्या काळात फिरायला नको.
वाचून मी चष्मा काढला.
आमचं मन नेमकं कुठल्या वर्षी फिरलं,
आणि आधी कुणाचं,
याची मतमोजणी कधी झालीच नाही.

रात्री चिठ्ठी लिहिली.
नांदणूक. स्त्रीलिंगी.
परस्परविरोधी पक्षांच्या दोन सत्ताधाऱ्यांनी
एकाच राज्यात नाइलाजाने नांदणे.
पहिल्यांदा ‘नांदायला’ हा शब्द
मी लग्नाच्या मांडवात ऐकला होता,
शेवटी वकिलाच्या नोटिशीत.
मधल्या काळात कुणी वापरला नाही.

टेबलावर ठेवून झोपले.

तीस वर्षं तो छापखान्यात मुद्रितं तपासत होता,
आता निवृत्त आहे. सवय नाही.
सकाळी पाहिलं तर
कोआबितास्यों वर मी विसरलेला अनुस्वार
जागेवर बसलेला,
आणि ‘नाइलाजाने’ या शब्दाखाली
पेन्सिलीची बारीक रेघ,
समासात
एक प्रश्नचिन्ह.

तो दूध तापवत होता. ते माझं खातं.
मी काही म्हटलं नाही,
खोडरबरही शोधला नाही.
चिठ्ठी तशीच पिशवीत घातली
आणि कचेरीला निघाले.